ऑपरेशन टेबलाखालचं तेल

पायाच्या पेडलने माणसासकट ऑपरेशन टेबल उचललं जातं, त्यामागे सतराव्या शतकात ब्लेझ पास्कलने मांडलेला नियम आहे: बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्वत्र सारखाच पोहोचतो. पंपाचा दट्ट्या १ चौरस सेंटिमीटरचा आणि टेबलाखालचा २० चौरस सेंटिमीटरचा धरला, तर १० किलोच्या रेट्याने २०० किलो पेलतात. ही ताकद फुकट मिळत नाही. टेबल १ सेंटिमीटर चढवायला लहान दट्ट्याला एकूण २० सेंटिमीटर सरकावं लागतं, म्हणून पेडल पुन्हापुन्हा दाबायचं. एकमार्गी झडप तेल मागे येऊ देत नाही. दुसरी झडप उघडली, की भारानेच तेल टाकीत परततं आणि टेबल खाली येतं.

विजेच्या मोटारींच्या जमान्यात ही जुनी रचना कशाला, असा प्रश्न रास्त आहे. मोटारीने हालचाल सोपी होते, बटणावर उंची बदलते. शिवाय तेलाच्या रचनेत रबरी सील झिजलं तर तेल गळतं आणि टेबल हळूहळू बसतं. पण हा दोष वेळेवर देखभाल केल्याने टळतो. उलट तेल जवळपास दबतच नसल्याने झडप मिटताच टेबल स्थिर राहतं. त्यासाठी वीज लागत नाही. म्हणूनच अनेक इलेक्ट्रो-हायड्रॉलिक, म्हणजे मोटारीने तेल दाबणाऱ्या, टेबलांत मोटारीच्या जोडीला पायपंपही ठेवतात. वीज बेभरवशाची असलेल्या छोट्या रुग्णालयाने टेबल निवडताना बटणं मोजण्याआधी हा पायपंप आहे का, हे पाहावं.