प्रेक्षकांनी उतरू न दिलेला चित्रपट

टोकियो : शहराच्या पश्चिमेला, चुओ रेल्वेमार्गावर आसागाया नावाचं स्टेशन आहे. तिथून चालत काही मिनिटांवर 'लाप्युता आसागाया' हे छोटं चित्रपटगृह लागतं. खुर्च्या अवघ्या ४८. एरवी इथे जुने जपानी चित्रपट दाखवतात. २००९च्या डिसेंबरात मात्र इथे रात्रीच्या खेळाला एक नवाकोरा अ‍ॅनिमेशनपट लागला. मोठ्या चित्रपटगृहांतून तो जेमतेम काही आठवड्यांत उतरला होता. या ४८ खुर्च्यांसाठी मात्र लोक रांगा लावू लागले. जपानी प्रेक्षक आपल्याला आवडलेल्या कलाकृतीशी कसा वागतो, हे या चित्रपटाच्या पुढच्या प्रवासात दिसतं.

चित्रपटाचं नाव 'माइमाइ शिंको आणि हजार वर्षांची जादू'. दिग्दर्शक सुनाओ काताबुची. हायाओ मियाझाकींच्या 'किकीज डिलिव्हरी सर्व्हिस'ला (१९८९) ते साहाय्यक होते. नोबुको ताकागी या लेखिकेने स्वतःच्या बालपणावर लिहिलेल्या पुस्तकावर त्यांनी हा चित्रपट केला. काळ १९५५चा, ठिकाण यामागुची प्रांतातलं होफू गाव. तिसरीतली शिंको गव्हाच्या हिरव्या शेतांतून हुंदडत असते. तिच्या कपाळावरचे केस भोवऱ्यासारखे उभे राहतात, हेच ते 'माइमाइ'. आजोबा तिला सांगतात, की हजार वर्षांपूर्वी इथे सुओ प्रांताची राजधानी होती. गावातला ओढा एका ठिकाणी अचानक काटकोनात वळतो, कारण त्या जुन्या नगराची आखणीच तशी होती. तेवढ्या एका वळणावरून शिंको डोळ्यांसमोर अख्खं नगर उभं करते आणि त्यात आपल्याच वयाची एक मुलगी पाहते. ही मुलगी पूर्ण काल्पनिक नाही. ९७४ साली कियोहारा नो मोतोसुके हा कवी सुओचा प्रांताधिकारी म्हणून आला होता. पुढे 'माकुरा नो सोशी' लिहून अजरामर झालेली सेइ शोनागोन ही त्याची मुलगी. लहानपणी ती वडिलांबरोबर इथे राहिली असावी, असं मानतात.

टोकियोहून किइको नावाची बुजरी, आई गमावलेली मुलगी शिंकोच्या वर्गात येते. दोघींची मैत्री जमते. मुलं ओढा अडवून छोटं तळं करतात. त्यात एक गोल्डफिश सापडतो आणि आवडत्या शिक्षिकेचं नाव त्याला मिळतं. पुढे तो मासा मरतो, आणि तिथून चित्रपटाचा रंग पालटतो. एका मित्राचे पोलिस असलेले वडील कर्जापायी जीव देतात. शिंको आणि तो मित्र रात्री लाकडी तलवार घेऊन दारूच्या गुत्त्यावर जाब विचारायला निघतात. मोठ्यांचं जग मुलांच्या खेळात कसं घुसतं आणि त्यानंतरही खेळ कसा चालू ठेवावा लागतो, हा या चित्रपटाचा गाभा आहे.

२१ नोव्हेंबर २००९ला तो झळकला आणि पडला. कारण सरळ होतं. पोस्टरवर उड्या मारणाऱ्या मुली पाहून तो बालचित्रपट ठरला, म्हणून खेळ सकाळी आणि दुपारी लागले. मुलांना त्याची ओढ वाटली नाही. ज्यांना तो भिडला असता, ती नोकरीपेशातली माणसं त्या वेळी कचेरीत होती.

ज्यांनी पाहिला त्यांची मतं मात्र एकसुरी नव्हती. पुष्कळांना तो आपल्याच बालपणात नेणारा वाटला. आजीआजोबांच्या पिढीतल्या प्रेक्षकांनी १९५५ सालचं घर, शीतपेटी, शाळेची वाट ओळखली. तरुणांना कौतुक वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं: इथे खलनायक नाही, चमत्कार नाही, तरी मन गुंतून राहतं. दुसरा गट नाराज होता. नावात जादू आहे आणि पडद्यावर कुठेच नाही, ही त्यांची पहिली तक्रार. हजार वर्षांपूर्वीचा धागा मध्येच येतो आणि मध्येच सुटतो, ही दुसरी. आत्महत्या आणि गुत्त्याचा प्रसंग मुलांसमोर एकदम आदळतो, ही तिसरी. या तिसऱ्या तक्रारीत मला तथ्य वाटतं. लहान मुलाला घेऊन जाणाऱ्याने ते आधी माहीत करून घ्यावं. पण जादूबद्दलची तक्रार मला मान्य नाही. एका ओढ्याच्या वळणावरून मुलगी हजार वर्षं मागे जाते, याहून मोठी जादू कुठली?

खरी गोष्ट मतांच्या पुढची आहे. चित्रपट उतरतोय म्हटल्यावर प्रेक्षकांनी खेळ चालू ठेवावेत म्हणून सह्यांची मोहीम काढली. संध्याकाळचे, रात्रीचे खेळ मागितले. आसागायाने ते दिले. काताबुची स्वतः खेळाला हजर राहून प्रेक्षकांशी बोलत. हळूहळू इतर गावांतली छोटी चित्रपटगृहंही तो मागवू लागली. चाहते होफूला जाऊ लागले. तिथे दिग्दर्शकाच्या सोबतीने पायी फेऱ्या निघाल्या, पडद्यावर पाहिलेली जुनी राजधानी पायांखाली शोधण्यासाठी. काही वर्षांनी ब्रिटनमधल्या एका वितरकाने इंग्रजी आवृत्तीसाठी वर्गणी मागितली, तेव्हा ३० हजार पौंडांच्या लक्ष्यापुढे एक लाखाहून अधिक पौंड जमा झाले.

प्रेक्षकांची ही ओढ समजायला जपानमधली चित्रपटगृहाची शिस्त पाहावी लागते. मोठ्या साखळ्यांत साधं तिकीट आता २,००० येनच्या घरात आहे, त्यामुळे माणूस विचार करून जातो. शेवटची श्रेयनामावली संपून दिवे लागेपर्यंत बहुतेक जण जागचे हलत नाहीत. बाहेर त्या चित्रपटाची छापील पुस्तिका विकत मिळते. ती लोक घेतात आणि जपून ठेवतात. शिवाय इथे 'मिनी थिएटर' म्हणून ओळखली जाणारी, मालकाच्या आवडीवर चालणारी छोटी चित्रपटगृहं आहेत. २०२०च्या साथीत ती बंद पडायची वेळ आली, तेव्हा र्‍युसुके हामागुची आणि कोजी फुकादा या दिग्दर्शकांच्या पुढाकाराने निधी उभारला गेला. सुमारे ३० हजार लोकांनी ३३ कोटी येन दिले.

माइमाइच्या प्रेक्षकांचं प्रेम काताबुचींच्या पुढच्या चित्रपटात फळाला आलं. दुसऱ्या महायुद्धातल्या हिरोशिमा-कुरे परिसरात संसार करणाऱ्या सुझू नावाच्या तरुणीची कथा, 'कोनो सेकाई नो कातासुमी नि', त्यांना करायची होती. पैसा मिळत नव्हता. मार्च २०१५मध्ये त्यांनी लोकांसमोर हात पसरला. लक्ष्य दोन कोटी येनचं. ३,३७४ जणांनी तीन कोटी नव्वद लाखांहून अधिक दिले. १२ नोव्हेंबर २०१६ला तो ६३ चित्रपटगृहांत लागला आणि तोंडोतोंडी कीर्ती पसरत चारशेच्या वर पोहोचला. 'किनेमा जुंपो' या मान्यवर मासिकाने त्याला वर्षातला सर्वोत्तम जपानी चित्रपट ठरवलं. मियाझाकींच्या 'तोतोरो'नंतर हा मान मिळवणारा हा पहिलाच अ‍ॅनिमेशनपट. देशात कुठे ना कुठे तो १,०००हून अधिक दिवस सलग चालू राहिला.

सगळं गोड आहे असं नाही. त्याच वर्षी 'युअर नेम' या अ‍ॅनिमेशनपटाने मोठ्या वितरकाच्या बळावर २,००० कोटी येनचा टप्पा ओलांडला; त्या तुलनेत सुझूची कमाई फारच थोडी. आणि १९६८पासून चालत आलेलं टोकियोतलं 'इवानामी हॉल' हे नावाजलेलं मिनी थिएटर जुलै २०२२मध्ये बंद झालं. प्रेक्षकांचं प्रेम प्रत्येक दार उघडं ठेवू शकत नाही.

तरी माझं मत पक्कं आहे. पहिल्या आठवड्याचा गल्ला हा चित्रपटाचा निकाल नसतो. मत देणारा माणूस पुन्हा तिकीट काढतो, मित्राला सोबत नेतो, सोयीच्या वेळेचा खेळ मागतो, तेव्हा त्याच्या मताला वजन येतं. आणि ते ऐकणारा एखादा चित्रपटगृहाचा मालक असावा लागतो. मराठी चित्रपटांना चांगल्या वेळेचे खेळ मिळत नाहीत, ही आपली जुनी तक्रार आहे आणि ती खरीही आहे. ती सरकारकडे जरूर करावी. पण पुढच्या वेळी एखादा मराठी चित्रपट मनापासून आवडला, तर 'छान आहे' एवढ्यावर थांबू नका. त्याच आठवड्यात चार जणांना घेऊन परत जा, आणि खेळ उतरत असेल तर व्यवस्थापकाला भेटून तो ठेवायला सांगा.