गोराईचे बंद फाटक आणि टाकव्याची भातखाचरे

मुंबईतल्या गोराईचे एस्सेल वर्ल्ड हे करमणूक उद्यान १९८९ साली सुरू झाले आणि २०२२ मध्ये बंद झाले. लाँचने खाडी ओलांडायची, दिवसभर पाळण्यांत बसायचे आणि संध्याकाळच्या लाँचने परतायचे, ही किती तरी मराठी घरांची आणि शाळांची सहल होती. शेजारचे वॉटर किंगडम १९९८ चे. त्यालाच लागून जागतिक विपश्यना पॅगोडा आहे, तो २००९ मध्ये खुला झाला. खारफुटी, गावठाण, पाण्याचे पार्क, ध्यानाचा घुमट आणि मध्ये बंद पडलेले उद्यान, असा हा पट्टा आहे. अशा जागेचे छायाचित्रण व्हायलाच हवे. पण गंजलेला पाळणा आणि रंग उडालेला विदूषक एवढ्यासाठी ते होत असेल, तर जागेची खरी हकीकत त्यातून निसटते.

बंद पार्क म्हटले की डोळ्यांसमोर युक्रेनमधल्या प्रिप्यातचा पिवळा पाळणा येतो. ते उद्यान १ मे १९८६ रोजी उघडायचे होते आणि २६ एप्रिलला शेजारीच चेर्नोबिलचा स्फोट झाला. तेव्हापासून अशा प्रत्येक जागेत लोकांना आपत्ती दिसते. प्रत्यक्षात बहुतेक पार्क हिशेब जुळेना म्हणून मिटतात. जपानचे नारा ड्रीमलँड १९६१ चे. टोकियोत डिस्नेलँड आले, ओसाकात युनिव्हर्सल आले, गर्दी ओसरली आणि २००६ मध्ये ते बंद झाले. पुढे दहा वर्षे कुंपण ओलांडून लोक तिथे फोटो काढत राहिले. पण त्या जागेचा व्यवहार कळायला दरफलक, रांगेचे कठडे, यंत्रावरची उत्पादकाची पाटी, पाळण्याचा पाया आणि कुंपणाबाहेरची वस्ती टिपायला हवी. ते फोटो देखणे नसतील; जागेवर काय उभे राहिले आणि काय राहिले नाही, याचा पुरावा मात्र तेच देतील.

जागा खासगी आहे, मालक आत का सोडेल, हा आक्षेप योग्यच आहे. परवानगीशिवाय शिरणे बेकायदा आहे आणि जिवावरचेही आहे. खाऱ्या वाऱ्यात लोखंडाचे जोड आणि बोल्ट आतून गंजतात, वरचे फायबरचे कवच मात्र रंगीतच राहते. त्यामुळे धोका नजरेला दिसत नाही. म्हणूनच मार्ग समोरच्या फाटकातून हवा. १९६९ मध्ये सुरू झालेले बर्लिनचे श्प्रेपार्क २००१ मध्ये बंद पडले. तिथे वाटाड्यासोबत लोकांना आत नेले गेले. आपल्याकडे वास्तुकलेची महाविद्यालये आणि छायाचित्रकारांच्या संस्थांनी मालकाला लेखी विनंती केली, तर हे अशक्य नाही. कार्ल्याची लेणी आणि लोहगड असताना पाळण्यांचे कौतुक कशाला, असेही कोणी विचारेल. कातळ दोन हजार वर्षे टिकला आहे. भंगारात निघालेले लोखंड मात्र महिन्याभरात नाहीसे होते, म्हणून नोंदीची घाई त्याचीच जास्त आहे.

टाकवे बुद्रुकच्या वाचकाला हे दूरचे वाटू नये. कान्हे फाट्यावरून आंदर मावळात शिरताना लागणाऱ्या या गावाने कारखाने येताना पाहिले आहेत. घाटाखाली खोपोलीजवळ २०१३ पासून इमॅजिका आहे, लोणावळ्याच्या बाजूला पाण्याचे पार्क आहे आणि मावळात रिसॉर्टसाठी जमिनीला मागणी आहे. करमणुकीच्या धंद्याला विरोध करण्याचे कारण नाही, त्यातून रोजगार मिळतो. पण गोराईचे पार्क अवघी तेहतीस वर्षे चालले. इंद्रायणी तांदळाचे खाचर एकदा सपाट करून काँक्रीटखाली गेले, की धंदा मिटल्यावर ते पुन्हा पिकवणे फार अवघड असते. परवानगी मागायला येणाऱ्याला ग्रामसभेने ‘बंद पडल्यावर जागेचे काय करणार’ हा प्रश्न लेखी विचारावा. आणि गावातल्या तरुणांनी आजच खाचरे, बांध, ओढे टिपून ठेवावेत. प्रत्येक फोटोमागे तारीख आणि गट नंबर लिहावा.