आगाऊ बुकिंगशिवाय सापुतारा

अंतर : सुरतमधल्या पर्वत पाटियापासून सापुतारा सुमारे १६० किमी. कडोदरा, बारडोली, व्यारा, उनाई, वघई असा रस्ता.

घाट : वघईपर्यंत गाडी आरामात पळते. खरी मजा पुढच्या सुमारे ५० किमीत. डांगच्या सागवनातून रस्ता वळणं घेत चढतो आणि सुमारे १,००० मीटर उंचीवरच्या सापुताऱ्याला पोहोचतो. पावसाळ्यात दाट धुकं, उजेडातच चढावं.

वाटेत : उनाईची गरम पाण्याची कुंडं. वघईजवळ अंबिका नदीवरचा गिरा धबधबा, पावसाळ्यात भरात.

मुक्काम
• दिवाळीत आणि पावसाळी शनिवार-रविवारी खोल्या लवकर भरतात. दुपारपर्यंत पोहोचलेलं बरं.
• प्रत्येक प्रौढाचं फोटो ओळखपत्र हवंच.
• जागा न मिळाल्यास महाराष्ट्रात उतरावं : सप्तशृंगगडावरचं भक्तनिवास किंवा सुमारे ८० किमीवरचं नाशिक. नवरात्रात आणि चैत्रातल्या यात्रेत मात्र गडावर अलोट गर्दी.

हद्द : १ मे १९६० रोजी मुंबई राज्याचं विभाजन झालं, डांग गुजरातमध्ये गेलं. सापुताऱ्याजवळचा हतगड किल्ला मात्र नाशिक जिल्ह्यात. गुजरातेत दारूबंदी आहे. परतताना परवान्याशिवाय बाटली आणणं गुन्हा ठरतो.