पुस्तिका छापताना पुढच्या बदलांची सोय ठेवा



ग्रामसंघाची माहितीपुस्तिका छापायची ठरली, की पहिली चर्चा होते प्रती किती काढायच्या याची. त्याआधी एक प्रश्न विचारूया : यातलं पुढं काय बदलणार आहे?

नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि लेखे ही पंचसूत्री तीच राहते. आकडे मात्र बदलतात. गटाला बँकेकडून विनातारण मिळणाऱ्या कर्जाची मर्यादा २०२१ मध्ये १० लाखांवरून २० लाख झाली. राज्यात फिरता निधी २०२३ मध्ये १५ हजारांवरून ३० हजार करायचं ठरलं. जुनी पुस्तिका वाचणारा गट कमीच रक्कम मागणार. छापलेलं आहे म्हटल्यावर शंका तरी कोण घेणार?

आपला सातबारा आठवा. जमिनीत बदल झाला की आधी फेरफार नोंदवहीत नोंद होते, तिला नंबर पडतो आणि मंजुरीनंतर तोच नंबर सातबाऱ्यावर येतो. कधी, काय बदललं ते मागं जाऊन बघता येतं. पुस्तिकेलाही हीच शिस्त लावूया.

१. पुस्तिका शिवून घेऊ नका. सुटी पानं पंच मारून फाईलला लावा.

२. पानांना सलग नंबर नकोत. तिसऱ्या प्रकरणाची पानं ३-१, ३-२ अशी ठेवा. मग प्रकरणाच्या शेवटी पान वाढलं तरी पुढच्या प्रकरणांचे नंबर हलत नाहीत.

३. रकमा, व्याजदर, कागदपत्रांची यादी, फोन नंबर हे सगळं एकाच वेगळ्या पानावर घ्या. बाकी ठिकाणी आकडा न लिहिता ‘पान ३-१ बघा’ एवढंच लिहा.

४. प्रत्येक पानाखाली छापल्याची तारीख टाका.

५. सुरुवातीला बदलांचा तक्ता ठेवा : तारीख, काढलेलं पान, घातलेलं पान, सही.

६. प्रत्येक प्रतीला नंबर द्या आणि कोणती प्रत कोणत्या गटाकडं आहे ते ग्रामसंघाच्या वहीत लिहा. नाहीतर नवीन पान निघतं, पण वाडीवरच्या गटापर्यंत पोचतच नाही.

बदल झाला की एकच पान झेरॉक्स करायचं, बैठकीत मोठ्यानं वाचायचं आणि तिथंच फाईलला लावायचं. जुनं पान लगेच काढा. त्याची एक प्रत फक्त ग्रामसंघाच्या दप्तरात ठेवा.

पुस्तिका आधीच शिवून आली असेल, तर जुन्या आकड्यावर तारीख घातलेली चिठ्ठी चिकटवा. येत्या बैठकीत हे काम सचिवताईंकडं द्या. बँकेत जायच्या आधी आकडा ताजा आहे ना, एवढं बघून घ्या.