शाळा बंद ठेवायची की उघडायची? ओट्यावरचं भांडण आणि कुणीच न मोजलेला आकडा

ज्यांना एपिसोड ऐकायला वेळ मिळाला नाही, त्यांच्यासाठी हे त्याचं लिखित रूप. बोलताना जिथे अडखळलो तेवढं काढून टाकलंय, बाकी जवळपास तसंच ठेवलंय.

विषय जुना वाटेल. कोरोनात शाळा बंद ठेवायला हव्या होत्या की उघडायला? तुमच्यापैकी बरेच जण तेव्हा स्वतःच शाळेत होते. २०२१ ला दहावी झालेल्यांना तर अजूनही 'कोरोना बॅच' म्हणून चिडवतात. त्या वर्षी परीक्षाच झाली नाही. नववी-दहावीचे मार्क धरून निकाल लावला आणि राज्याचा निकाल आला ९९.९५ टक्के! पण शाळेचा वाद तुम्ही घालत नव्हता, तुमचे आईवडील घालत होते. आज मला तो वाद नीट उलगडून बघायचाय. कारण मी त्यात एका बाजूने तावातावाने बोलत होतो आणि एका मुद्द्यावर माझं साफ चुकलं.

आमच्या घरातले दोन पक्ष

मी पारोळ्याचा. धुळे-जळगाव रस्त्यावरचं, किल्ल्याचं गाव. इंजिनिअरिंग झाल्यावर पुण्यात नोकरीला लागलो, आणि २०२० च्या लॉकडाऊनमध्ये लॅपटॉप घेऊन घरी आलो. घरात आई-बाबा, दादा-वहिनी, त्यांचा मुलगा आणि शुगर असलेली आमची आजी. पुतण्या जून २०२० मध्ये पहिलीत गेला. गेला म्हणजे काय, नाव घातलं. शाळेची पायरी काही चढला नाही.

दादाचं म्हणणं एकच: "वर्ष गेलं तर गेलं, माणूस गेला तर परत येत नाही." वहिनी म्हणायची, "पहिलीचं वर्ष पण परत येत नाही." संध्याकाळी ओट्यावर गल्लीतले दोन-चार पालक यायचे, मास्क हनुवटीवर, आणि हाच वाद तिथे चालायचा.

दादाची भीती उगाच नव्हती, हे आधी सांगतो. एप्रिल २०२० मध्येच शेजारच्या अमळनेरात पेशंट वाढले होते. जूनमध्ये जळगावच्या सरकारी कोविड रुग्णालयातून बेपत्ता झालेल्या ८२ वर्षांच्या आजीबाई आठ दिवसांनी तिथल्याच शौचालयात मृत सापडल्या. ती बातमी देशभर गाजली. तेव्हा आपल्या जिल्ह्यातला मृत्युदर राज्याच्या सरासरीपेक्षा कितीतरी जास्त होता. अशा जिल्ह्यात, घरात शुगरची म्हातारी असताना, "पोराला शाळेत पाठव" असं कोण म्हणेल?

मी दादाच्या बाजूने होतो. वर मीच उपाय काढला. जुना स्मार्टफोन फॉरमॅट केला, दीक्षा ॲप टाकलं, शिक्षकांच्या ग्रुपमध्ये नंबर घातला. सरकारची मोहीमही तीच होती, 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू'. सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' लागायचं. मी वहिनीला म्हणालो, "अभ्यासक्रम ऑनलाइन आहे, फोन आहे, मी आहे. अडचण काय?"

आधी तारखा बघूया

वाद समजायला क्रम डोळ्यासमोर हवा.

मार्च २०२० च्या मध्यात शाळा बंद झाल्या. २३ नोव्हेंबर २०२० पासून नववी ते बारावी उघडायला परवानगी मिळाली, पण पालकांचं लेखी संमतीपत्र हवं आणि शेवटचा निर्णय स्थानिक प्रशासनाचा. २७ जानेवारी २०२१ ला पाचवी ते आठवी. मग दुसरी लाट, पुन्हा सगळं बंद. जुलै २०२१ मध्ये महिनाभर एकही पेशंट नसलेल्या गावांत, ग्रामपंचायतीने ठराव केला तर आठवी ते बारावी. ऑगस्टमध्ये आणखी वर्ग उघडायचा आदेश निघाला आणि टास्क फोर्सच्या आक्षेपानंतर थांबला. ४ ऑक्टोबरला ग्रामीण भागात पाचवीपासून आणि शहरात आठवीपासून पुढचे वर्ग. आणि १ डिसेंबर २०२१ ला सगळ्यात शेवटी पहिली ते चौथी. शहरात सातवीपर्यंत.

म्हणजे आमचा पुतण्या पहिल्यांदा वर्गात बसला तो थेट दुसरीत, वीस महिन्यांनी.

आणि सव्वा महिन्यात ओमिक्रॉन आला. ८ जानेवारी २०२२ ला आदेश निघाला, १५ फेब्रुवारीपर्यंत शाळा बंद. मॉल आणि हॉटेलं मात्र ५० टक्के क्षमतेने चालू! यावर पालक खरंच चिडले. सरकारने फेरविचार केला आणि २४ जानेवारीपासून स्थानिक परिस्थिती बघून शाळा उघडायची मुभा दिली.

चित्रावर हात ठेवला आणि...

आता माझी चूक. डिसेंबर २०२१ मधली गोष्ट. शाळा सुरू होऊन आठवडा झाला होता. पुतण्या मराठीच्या पुस्तकातला धडा मला वाचून दाखवत होता, एकदम धडाधडा. मला अभिमान वाटला. सहज म्हणून मी पानावरच्या चित्रावर हात ठेवला आणि मधल्याच एका ओळीवर बोट ठेवून म्हटलं, "हे वाच." तो गप्प. दुसरी ओळ दाखवली, गप्प.

त्याला वाचता येत नव्हतं. व्हिडिओ ऐकून ऐकून धडा पाठ झाला होता, आणि चित्र बघून कुठला धडा ते त्याला कळत होतं. मग लक्षात आलं, यूट्यूबवर हा नेहमी माईक दाबून बोलूनच शोधतो. आम्ही त्याला हुशारी समजत होतो. त्याला टाईप करता येत नव्हतं, कारण अक्षरंच येत नव्हती.

हे घर फोन, वायफाय आणि इंजिनिअर काका असलेलं. गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या एक मावशी दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचायला जातात. घरात एकच फोन, तो दिवसभर नवऱ्याच्या खिशात. त्यांचा मुलगा लॉकडाऊनआधी दुसरीत होता, थोडं थोडं वाचायचा. त्या ओट्यावरच्या वादात कधी बसल्या नाहीत. एकदा जाता जाता वहिनीला एवढंच म्हणाल्या, "मना पोऱ्या वाचनं भुली गया." पोरगा शाळा नाही म्हणून त्यांच्याबरोबरच वेचणीला जात होता.

एका बाजूला रोज आकडा, दुसऱ्या बाजूला काहीच नाही

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, तर माझ्या कामातलं उदाहरण देतो. आमच्याकडे सर्व्हरवर नजर ठेवायला डॅशबोर्ड असतो. काही बिघडलं की लाल दिवा लागतो आणि आम्ही धावतो. पण ज्या गोष्टीला आपण अलार्मच लावला नाही, ती महिनोन्‌महिने बिघडलेली राहते. सगळ्यांना वाटतं, सिस्टिम मस्त चाललीये.

शाळेच्या वादात हेच झालं. दादाच्या बाजूला रोज संध्याकाळी आकडा यायचा: आज इतके पेशंट, इतके मृत्यू. वहिनीच्या बाजूला आकडाच नव्हता. आज किती मुलं वाचायला विसरली, किती जण कापूस वेचायला गेली, असं बुलेटिन कधी आलं नाही. त्यामुळे तिचं बोलणं भावनिक वाटायचं आणि आमचं शास्त्रीय.

आकडे आले, पण उशिरा. ऑगस्ट २०२१ मध्ये ज्यां द्रेझ आणि सहकाऱ्यांनी १५ राज्यांतल्या गरीब वस्त्यांमधल्या साधारण १,४०० मुलांची पाहणी केली, त्यात महाराष्ट्रही होता. ग्रामीण भागात नियमित ऑनलाइन शिकणारी मुलं होती फक्त ८ टक्के. अजिबात अभ्यास न करणारी ३७ टक्के. आणि शाळा उघडा म्हणणारे ग्रामीण पालक ९७ टक्के! त्याआधी जुलैमध्ये आपल्या राज्याच्या एससीईआरटीने ऑनलाइन सर्वेक्षण केलं, त्यातही ८० टक्क्यांहून जास्त पालक 'उघडा' म्हणाले.

नंतर 'असर'चा २०२२ चा अहवाल आला. देशाच्या ग्रामीण भागात दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी तिसरीतली मुलं २०१८ मध्ये २७.३ टक्के होती, ती २०२२ मध्ये २०.५ वर आली. म्हणजे पाचात चार मुलांना येत नव्हतं. आमचा पुतण्या त्या वर्षी तिसरीतच होता.

मग दादाचं चुकलं का?

नाही. आणि इथेच बरेच लोक घाईने निकाल देतात.

एप्रिल २०२१ मध्ये आजीचा ऑक्सिजन ८६ वर आला. धुळ्यात बेड मिळेपर्यंत जी एक रात्र गेली, ती आमच्या घरात कुणी विसरणार नाही. ती वाचली. गल्लीतल्या सगळ्यांच्या घरी असं झालं नाही. त्या महिन्यात शाळा उघडी हवी होती असं मी आजही म्हणणार नाही.

पण दोन गोष्टी मला नंतर कळल्या. पहिली: आजीला कोरोना झाला तेव्हा शाळा बंदच होती. तो दुकानातून आला की लग्नातून, आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. आणि असं फक्त आमच्याकडे झालं नाही. आयसीएमआरच्या जून-जुलै २०२१ च्या देशव्यापी रक्त तपासणीत ६ ते ९ वर्षांच्या ५७.२ टक्के मुलांमध्ये अँटिबॉडी सापडल्या. मुलांना लस मिळालेली नव्हती, म्हणजे निम्म्याहून जास्त लहान मुलांना संसर्ग होऊन गेला होता, शाळेत न जाता!

दुसरी गोष्ट म्हणजे क्रम. आपण मोठ्यांपासून सुरुवात केली. कारणं समजण्यासारखी होती: बोर्डाच्या परीक्षा, आणि मोठी मुलं मास्क नीट घालतात. पण बारावीचा मुलगा व्हिडिओ बघून गणित शिकू शकतो. पहिलीतल्या पोराला अक्षर गिरवायला समोर माणूस लागतो, चुकलं की हात धरणारा. शिवाय लहान मुलांना आजार गंभीर होण्याचा धोका मोठ्यांपेक्षा कमी होता. डेन्मार्कने १५ एप्रिल २०२० पासून शाळा उघडायला घेतल्या, तेव्हा सुरुवात लहान मुलांपासून केली. जुलै २०२१ मध्ये आयसीएमआरचे प्रमुख बलराम भार्गवही म्हणाले होते की उघडायच्या असतील तर आधी प्राथमिक शाळा उघडा. आपल्याकडे त्या सगळ्यात शेवटी उघडल्या.

पुढच्या वेळी वाद कसा घालायचा

पुढची साथ कधी येईल माहीत नाही. पण तुमच्यातले काही जण तोपर्यंत पालक झालेले असतील. म्हणून 'बंद की चालू' असं भांडण्याआधी तीन प्रश्न विचारा.

एक, कुठला आकडा दिसत नाहीये? पेशंट मोजतोय तसंच दर महिन्याला शाळेने दहा मुलांना एक परिच्छेद वाचायला लावला तरी पुरे. फोनवर ऐकवा, अंगणात ऐकवा. मी चित्रावर हात ठेवला ते पाच सेकंदांचं काम होतं. ते मी दीड वर्षं आधी करू शकलो असतो.

दोन, आधी कुणाला गरज आहे? सगळ्यांसाठी एकच बटण नसतं. सगळ्यात लहान मुलं आणि घरात फोन नसलेली मुलं यांचा नंबर आधी लागायला हवा. दहा-दहाच्या गटाने, झाडाखाली, दिवसाआड का होईना.

तीन, बंद करताय तर कुठल्या अटीवर उघडणार? जुलै २०२१ चा नियम मला म्हणूनच आवडला. महिनाभर पेशंट नाही, ग्रामपंचायतीचा ठराव झाला, की शाळा सुरू. पेशंट सापडला की पुन्हा थांबा. गावाला माहीत होतं आपण कशाची वाट बघतोय. नाहीतर 'पुढील आदेशापर्यंत' हे शब्द वीस महिने चालतात.

आणि एक लहानशी गोष्ट. वाद घालायला ओट्यावर कोण आलंय हे बघा. आमच्याकडे बोलणारे सगळे घरात फोन असलेले होते. मावशी तेव्हा शेतात होत्या.

पुतण्या आता सहावीत आहे. त्यानंतर वर्षभर वहिनी रोज संध्याकाळी त्याला पुढ्यात घेऊन बसली, तेव्हा तो वाचायला लागला. अजूनही जोडाक्षर आलं की क्षणभर थांबतो. मावशींचा मुलगा सातवीनंतर शाळेत गेला नाही. हल्ली तो ट्रॅक्टरवर असतो. त्याच्याकडे आता स्वतःचा स्मार्टफोन आहे, आणि मेसेज पाठवायचा असला की तो माईक दाबून बोलतो.

हा एपिसोड मी त्याला ऐकायला पाठवलाय. लिखित रूप पाठवून उपयोग नव्हता.

तुमच्या घरी तेव्हा कोण काय म्हणत होतं, ते आज जेवताना विचारून बघा. आणि मला नक्की कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या!