गाडीची पुढची काच धुरकट झालीय? आधी तिच्यावर पाणी टाकून बघा

ज्यांना हा भाग ऐकायला जमला नाही, किंवा गाडीजवळ बसून एकेक पायरी वाचत काम करायचंय, त्यांच्यासाठी तो इथं लिहून देतोय. बोलण्यात जे पसरट झालं होतं ते थोडं आवरलंय.

विषय किरकोळ वाटेल. पण रात्री तुळजापूरहून धाराशिवकडं गाडी मारणाऱ्या कुणालाही विचारा. समोरून ट्रक आला, त्याचा उजेड आपल्या पुढच्या काचेवर पडला, की काच पांढरी फटक होते आणि दोन-तीन सेकंद रस्ताच गायब. ताशी ६० च्या वेगानं तीन सेकंदांत गाडी ५० मीटर पुढं जाते. त्या ५० मीटरमध्ये मागं लाल दिवा नसलेली उसाची ट्रॉली असू शकते. कोजागिरीच्या आसपास तर सोलापूरकडून तुळजापूरला रात्रभर माणसं चालत येतात. म्हणून आज काचेवर आख्खा भाग.

सगळ्यात आधी, ती काच नाहीच. ते प्लास्टिक आहे. त्यात दोन जाती जास्त दिसतात. एक अ‍ॅक्रिलिक आणि दुसरी पॉलिकार्बोनेट. अ‍ॅक्रिलिक उन्हात फारसं पिवळं पडत नाही, पण जोरात दणका बसला की तडकतं. पॉलिकार्बोनेट चिवट. १९५३ साली जर्मनीत आणि अमेरिकेत दोन वेगवेगळ्या शास्त्रज्ञांनी ते जवळजवळ एकाच वेळी शोधलं. आज हेल्मेटची काच आणि हेडलाईटचं कव्हर बहुतेक त्याचंच असतं. पण ते मऊ आहे आणि उन्हातल्या अतिनील किरणांनी पिवळं पडतं, म्हणून कारखान्यातच त्यावर कडक पारदर्शक थर चढवतात. हा थर लक्षात ठेवा, पुढं सगळं त्याच्यावर येऊन थांबणार आहे. आपली काच कुठल्या जातीची ते कधी कधी काठावर उमटवलेलं असतं. पीसी म्हणजे पॉलिकार्बोनेट, पीएमएमए म्हणजे अ‍ॅक्रिलिक.

आता काच धुरकट होते म्हणजे नेमकं काय होतं? गुळगुळीत पृष्ठभागातून उजेड सरळ आरपार जातो. त्यावर हजारो बारीक चरे पडले की तोच उजेड दहा दिशांना फुटतो. दिवसा ते जाणवत नाही. रात्री समोरचा एकच दिवा आख्ख्या काचेवर पसरतो.

आणि हे चरे पाडतं कोण? बऱ्याचदा आपणच. आपल्याकडची धूळ म्हणजे काळ्या बेसाल्ट खडकाचा भुगा. त्यातले कण प्लास्टिकपेक्षा कितीतरी कडक. गाडीला किक मारायच्या आधी गमजानं कोरडीच काच पुसायची सवय असेल, तर तुम्ही रोज सकाळी काचेला पॉलिश पेपर मारताय असंच समजा.

तर मग उपाय. कुठलीही ट्यूब, पेपर, क्रीम आणायच्या आधी काच साबणाच्या पाण्यानं धुवा आणि ओली असतानाच तिच्यातून बघा. ही परीक्षा फुकट आहे आणि अर्धं उत्तर इथंच मिळतं.

ओली असताना काच स्वच्छ दिसली आणि वाळल्यावर परत धुरकट झाली, तर बिघाड वरवरचा आहे. पाणी चरे भरून काढतं, म्हणून तेवढ्यापुरता उजेड सरळ जातो. अशी काच सुधारते.

ओली असतानाही तसंच धुकं दिसलं, किंवा उन्हात धरल्यावर आत चंदेरी रेषांचं जाळं चमकलं, तर प्लास्टिक आतून तडकलंय. पेट्रोल किंवा थिनर लागल्यानं असं होतं, स्क्रू फार आवळल्यानंही होतं. याला कितीही घासा, काही फरक पडणार नाही. नवीन घ्या. अशी काच दगड लागला तर फुटून अंगावर येऊ शकते.

तिसरा प्रकार आपल्या भागात बराच सापडतो. पांढरे गोल गोल डाग. हे चरे नाहीत, बोअरच्या जड पाण्यातले क्षार आहेत. गाडी बोअरच्या पाण्यानं धुतली आणि उन्हात वाळवली की पाणी उडून जातं, क्षार राहतात. पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून फडकं भिजवा, पाच मिनिटं डागावर ठेवा आणि भरपूर पाण्यानं धुवा. अनेकांची काच एवढ्यावरच साफ होते, आणि ते उगाच घासायच्या मागं लागलेले असतात.

आता वरवरच्या चऱ्यांचं काम. इथं तो कारखान्याचा थर आठवा. थर शाबूत असेल आणि चार-दोनच चरे असतील, तर पेपर मारू नका. प्लास्टिकचं पॉलिश मऊ फडक्यानं हलक्या हातानं फिरवा आणि जेवढं सुधारेल तेवढ्यावर समाधान माना. थर जागोजागी सोलून नकाशासारखा दिसत असेल, तर मात्र तो अर्धवट ठेवून चालत नाही. पूर्ण काढावा लागतो, नाहीतर काच ठिगळं लावल्यासारखी दिसते.

काच गाडीवरून उतरवून घ्या. सावलीत बसा. पेंटच्या दुकानात वॉटर पेपर मिळतो, त्याचे १०००, १५००, २००० आणि मिळाला तर ३००० असे नंबर घ्या. बादलीत पाणी, त्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब. पेपर सतत ओला हवा. १००० नं एकाच दिशेनं, उभं घासा. थर निघून सगळीकडं सारखा दुधी रंग आला की धुवा. मग १५०० नं आडवं घासा, आधीच्या उभ्या रेषा पूर्ण जाईपर्यंत. मग २००० नं परत उभं. दिशा बदलायचं कारण एवढंच, की मागच्या पेपरच्या रेषा राहिल्या तर लगेच दिसतात. नंबर गाळून पुढं पळालात तर त्या रेषा शेवटी पॉलिशमध्ये उठून दिसणार.

या टप्प्यावर काच आधीपेक्षा वाईट दिसते. पोरं इथंच घाबरतात. दम धरा. आता बारीक रबिंग कंपाउंड घ्या आणि सुती फडक्यानं गोल गोल घासा, मग प्लास्टिक पॉलिश. हातानं तासभर लागेल. ड्रिलला फोमचा पॅड लावून करत असाल तर वेग कमी ठेवा आणि एका जागी थांबू नका. अ‍ॅक्रिलिक साधारण १०५ अंशांना मऊ पडायला लागतं आणि घर्षणानं तेवढी उष्णता सहज तयार होते. एकदा प्लास्टिक वितळून ओघळलं की संपलं.

थर काढलेलं पॉलिकार्बोनेट तसंच उघडं ठेवलं तर काही महिन्यांत परत पिवळं पडायला लागतं. आपलं मार्च ते मे महिन्यांतलं ऊन माहीतच आहे. म्हणून प्लास्टिकसाठीचा, अतिनील किरण अडवणारा क्लिअर कोट मारा. तो नसेल तर वॅक्स लावा, पण ते दर काही आठवड्यांनी परत लावावं लागेल. बसवताना स्क्रूखालचे रबर वॉशर विसरू नका आणि हाताला घट्ट लागलं की थांबा.

टूथपेस्टबद्दल सगळ्यात जास्त प्रश्न आले. टूथपेस्टमध्ये बारीक घासणारी पूड असते, त्यामुळं थोडा फरक पडतो हे खरं. पण थरानं सोलायला सुरुवात केलेल्या काचेवर तो फरक टिकत नाही. खोबरेल तेल किंवा स्प्रेचं तेल लावून चकचकीत करणं ही तर निव्वळ पाण्याचीच परीक्षा झाली. तेल चरे भरतं, काच स्वच्छ भासते, आणि येरमाळ्यापर्यंत जाईस्तोवर त्यावर धूळ चिकटून बसते. जुनी गाडी घ्यायला गेलात आणि हेडलाईट संशय येण्याइतका चकाकत असेल, तर बोट फिरवून बघा.

पेट्रोल, रॉकेल, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर यातलं काहीही काचेला लावू नका. घरातल्या आरशाचा अमोनियावाला क्लीनरही नको.

हेल्मेटच्या काचेला यातला एकही पेपर लावायचा नाही. ती डोळ्यांसमोर दोन बोटांवर असते. हातानं घासल्यावर तिची जाडी कुठं कमी कुठं जास्त होते, सरळ रस्ता लाटांसारखा दिसायला लागतो, आणि थर गेल्यावर ती पुढच्याच धुळीत परत ओरबाडते. ती बदलायचीच. १ जून २०२१ पासून देशात दुचाकीसाठी विकलं जाणारं हेल्मेट आयएसआय मार्कचंच असणं बंधनकारक आहे. चांगल्या कंपनीच्या हेल्मेटची सुटी काच काही शे रुपयांत मिळते. घेताना मॉडेलचं नाव सांगा, नुसता साईज सांगू नका. आणि काळी काच दिवसापुरतीच. सूर्य मावळला की साधी.

गाडीच्या काचेचंही एक बघून घ्या. सीटवर नेहमीसारखे बसा आणि समोर १५-२० मीटरवरचा रस्ता बघा. नजर काचेच्या वरून जात असेल तर तिचा धुरकटपणा दिसायला वाईट, पण लगेच धोक्याचा नाही. सवडीनं करा. उंच काच बाहेरून बसवून घेतली असेल आणि रस्ता तिच्यातूनच बघावा लागत असेल, तर काम होईपर्यंत रात्रीसाठी ती सरळ काढून ठेवा. वारा लागेल, लागू दे.

रोजच्यासाठी डिकीत पाण्याची छोटी बाटली आणि एक मायक्रोफायबर फडकं ठेवा. आधी पाणी ओता, धूळ वाहून जाऊ द्या, मगच फडकं लावा. किडे वाळून चिकटले असतील तर ओलं फडकं दहा मिनिटं त्यावर टाकून ठेवा, तोवर चहा घ्या.