एका बँडमागे एक

गिटारवाल्याला गिटारवाला भेटतोच. एकाच बँडमध्ये दोघं असतात, नसले तर सोसायटीत चार सापडतात. गायकांचं तर विचारूच नका. बेस वाजवणारा मात्र बँडमागे एकच. त्याला दुसरा बेसवाला भेटतो तो बहुधा स्टेजच्या पायऱ्यांवर, एक बँड उतरताना आणि दुसरा चढताना. ‘‘अँप कसाय?’’ ‘‘लो कमी ठेव, हॉल घुमतोय.’’ झालं बोलणं. समोरच्याची बोटं कशी चालतात, तारा कुठल्या लावल्यात, हे बघायला वेळ कुणाला असतो?

म्हणून गेल्या पावसाळ्यात एका रविवारी पुण्यातल्या एका तळघरातल्या जॅमरूममध्ये आम्ही आठ बेसवाले मुद्दाम ठरवून जमलो, तेव्हा सुरुवातीला सगळेच जरा बुजले होते. वेळ सकाळची, कारण तेव्हा तासाचं भाडं कमी असतं. मी बँकेतला, दोघं आयटीतले, कॉलेजातली तीन पोरं, चर्चमध्ये वाजवणारी आणि पहाटेची प्रार्थना उरकून थेट तिकडूनच आलेली एक मुलगी, आणि ऑर्केस्ट्रात तीस वर्षं काढलेले एक काका.

पहिला मूर्खपणा आम्ही केला तो म्हणजे सगळ्यांनी एकदम वाजवून पाहिलं. आठ गिटारी एकत्र वाजल्या तर गोंगाट होतो, पण आठ बेस एकत्र वाजले की निव्वळ चिखल. बेसची सगळ्यात जाड तार, ई, सेकंदाला ४१ वेळा कंप पावते. काळी एकच्या पट्टीत लावलेल्या तानपुऱ्याची खर्जाची तार साधारण ६९ वेळा. म्हणजे आपण ज्याला खर्ज म्हणतो त्याच्याही बऱ्याच खाली हे वाद्य राहतं. इतक्या खालच्या स्वराची लाट हवेत आठ मीटरहून लांब असते. आमच्या जॅमरूमची लांबी तेवढीही नव्हती. अशी लाट भिंतींवर आपटून परत येते आणि स्वतःलाच भेटते. कुठे फुगते, कुठे स्वतःला खाऊन टाकते. अँपसमोर उभ्या असलेल्याला काही ऐकू येत नाही आणि मागच्या कोपऱ्यात चपला काढून बसलेल्याच्या पोटात गडगडतं. मग ठरलं, एकानं वाजवायचं आणि सात जणांनी ऐकायचं. माझ्या आठवणीत बेस वाजवणाऱ्याला सात जणांनी गप्प बसून ऐकल्याचा हा पहिलाच प्रसंग.

भिंतीशी टेकवून ठेवलेल्या आठांपैकी पाच वाद्यांचा आकार एकच होता. दोन शिंगं, कंबरेत घेतलेला बाक, डोक्यावर एका बाजूला ओळीनं चार खुंट्या. ब्रँड वेगवेगळे, किमती तर अठरा हजारांपासून दीड लाखापर्यंत, पण मूळ नकाशा कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावच्या लिओ फेंडरचा. हा माणूस रेडिओ दुरुस्त करायचा. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती, आणि मला वाटतं तेच त्याच्या पथ्यावर पडलं. वाद्य कसं ‘असायला हवं’ याची परंपरा डोक्यात नसल्यामुळे त्यानं ते रेडिओसारखं बनवलं, म्हणजे उघडता येईल, बदलता येईल, दुरुस्त होईल असं. नेक बॉडीला चिकटवायची नाही, चार स्क्रूंनी आवळायची. आयटीतल्या एकाचा बेस त्याच्या मावसभावानं अमेरिकेहून असाच आणला होता. स्क्रू काढून बॉडी कपड्यांत गुंडाळली, नेक मोठ्या बॅगेत तिरपी बसवली, आणि पुण्यात आल्यावर स्वयंपाकघरातल्या टेबलावर दहा मिनिटांत जोडली.

फेंडरच्या आधीही प्रयत्न झाले होते. सिअॅटलच्या पॉल टुटमार्कनं १९३० च्या दशकातच भरीव लाकडाचा, आडवा धरून वाजवायचा विजेवरचा बेस विकायला काढला होता. तो चालला नाही. फेंडरचा १९५१ मध्ये आला आणि चालला, कारण तोवर गरज तयार झाली होती. डान्स बँडमधला डबल बेस म्हणजे माणसापेक्षा उंच लाकडी पेटारा. गाडीत मावत नाही, आणि गिटारवाल्यांनी अँप लावल्यापासून कुणाला ऐकूही येत नाही. शिवाय त्याला पडदे नाहीत, बोट केसभर सरकलं की बेसूर. फेंडरनं तारेची लांबी ३४ इंचांवर आणली, नेकवर पडदे ठोकले आणि त्या अचूकपणावरूनच नाव ठेवलं: प्रिसिजन बेस. जॅझवाल्यांनी नाकं मुरडली, पण लायोनेल हॅम्प्टनच्या बँडमधून मंक मॉन्टगोमेरी हे वाद्य घेऊन गावोगाव फिरला आणि ते लोकांच्या कानावर पडलं. पुढे कित्येक वर्षं अमेरिकेत बेस गिटारला सरसकट ‘फेंडर बेस’च म्हणत, आपण वनस्पती तुपाला डालडा म्हणायचो तसं.

फेंडरचा एक अंदाज मात्र सपशेल चुकला. लोक हे वाद्य अंगठ्यानं छेडतील असं त्याला वाटलं, म्हणून बोटं टेकवायला त्यानं तारांच्या खालच्या बाजूला एक छोटी पट्टी लावली. लोक बोटांनी वाजवू लागले. पट्टी वीसेक वर्षं तिथेच राहिली, मग १९७० च्या दशकात कंपनीनं ती वर नेऊन अंगठ्याखाली दिली.

आमच्या बैठकीत मध्येच एक घूं सुरू झाली. कॉलेजातल्या पोरानं जुन्या पद्धतीचा, एकाच कॉइलचा पिकअप (तारेचं कंपन विजेत उतरवणारं चुंबक आणि वेटोळं) असलेला बेस लावला होता. काका डोळे मिटून ऐकत म्हणाले, ‘‘जी आहे. जरासा चढा.’’ खरंच होतं. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनं पुरी करते, आणि ई तारेवरचा तिसऱ्या पडद्यावरचा जी असतो ४९ चा. म्हणजे भारतभर प्रत्येक भिंतीत एक किंचित चढा जी वाजत असतो. अमेरिकेत वीज ६०ची, तिथे ती घूं ए आणि बी यांच्या मध्येच कुठेतरी लोंबकळते. गिटारवाल्याला ही घरघर नुसती त्रासदायक वाटते. आमच्या तर ती थेट अंगणात येऊन बसते.

यावरचा उपाय प्रिसिजनमध्ये १९५७ साली आला आणि तो अजूनही मला कौतुकाचा वाटतो. पिकअपचे दोन तुकडे केले. एक ई आणि ए तारांखाली, दुसरा डी आणि जी तारांखाली, एकमेकांपासून थोडे सरकवलेले. दोघांची तार उलट दिशेनं गुंडाळलेली, दोघांतली चुंबकंही उलटी. भिंतीतली घूं दोन्हीकडे पोचते आणि दोन्हीकडच्या एकमेकींना मारून टाकतात. तारेचा स्वर मात्र चुंबकाच्या उलटेपणामुळे सुलटाच राहतो. त्यानंतर जवळपास सत्तर वर्षांत या मांडणीत सांगण्यासारखं काही बदललेलं नाही. १९६० मध्ये फेंडरनंच जॅझ बेस काढला, निमुळती नेक, दोन पिकअप, जास्त गोड. पुढे बॅटरीवर चालणारे प्रीअँप आले, पाच आणि सहा तारा आल्या, डोकं नसलेले बेस आले. तरी आठांत पाच प्रिसिजनच. (माझा जॅझ आहे, म्हणून हे कबूल करताना जरा जड जातंय.)

काकांच्या बेसकडे सगळे मघापासून बघत होते. रंग उडालेला, आणि ब्रिजपाशी तारांखाली काहीतरी हिरवं-पिवळं. भांडी घासायचा स्पंज होता, कापून नीट बसवलेला. पोरं हसली. काकांनी वाजवायला घेतल्यावर हसणं थांबलं. स्वर ठप् ठप् येत होते, गोल, आखूड, एकामागे एक. डग्ग्यावर घुमारा न सोडता बंद थाप पडावी तसे. जुन्या फेंडर बेसवर ब्रिजच्या झाकणाखाली कंपनीच असा स्पंजचा तुकडा लावून देत असे. नंतर लोकांनी झाकणं काढून टाकली, त्यांबरोबर स्पंजही गेला. काकांना हे कुणी सांगितलेलं नव्हतं. १९९० च्या सुमारास गणपतीच्या मांडवात आवाज फार घुमतो म्हणून त्यांनी आपल्या अकलेनं स्पंज घातला आणि तो तिथेच राहिला.

तारा पण चपट्या, म्हणजे फ्लॅटवाउंड. किती दिवस झाले बदलून, विचारलं तर म्हणाले, ‘‘थोरलीच्या लग्नाआधी बदलल्या होत्या.’’ थोरलीचा मुलगा आता शाळेत जातो. आम्ही बाकीचे गोल तारेवाले, राउंडवाउंड. १९६६ मध्ये ‘द हू’ या रॉक बँडचा बेसवाला जॉन एन्टविसल यानं रोटोसाउंड कंपनीला गाठून आपल्या मनासारख्या बनवून घेतल्या, तेव्हापासून रॉकमध्ये ती कडक, पियानोसारखी झणझण आली. पण ती दोन-तीन महिन्यांत मरते, आणि चार तारांच्या चांगल्या सेटला दोन-अडीच हजार पडतात. मग आपल्याकडचे लोक तारा काढून पातेल्यात उकळतात. घामाचा नि कातडीचा मळ सुटतो आणि पंधरा दिवस तारा पुन्हा तरुण होतात. यासाठी घरात वेगळं पातेलं ठेवावं, एवढा सल्ला मी अनुभवानं देईन.

तारा न बदलणाऱ्यांचा दादा म्हणजे डेट्रॉइटचा जेम्स जेमर्सन. मोटाउन या रेकॉर्ड कंपनीचा स्टुडिओ वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरच्या एका साध्या घरात होता, आणि १९६० च्या दशकात तिथून निघालेल्या असंख्य लोकप्रिय गाण्यांखाली जेमर्सनचा बेस आहे. १९६२ चा प्रिसिजन, चपट्या तारा, ब्रिजखाली स्पंज, आणि छेडायला उजव्या हाताची फक्त तर्जनी. एका बोटानं तो जे काढायचा ते आमच्यातल्या आयटीवाल्यानं दोन बोटांनी वाजवून दाखवायचा प्रयत्न केला आणि चौथ्या मात्रेला फसला. जेमर्सनचं नाव मात्र रेकॉर्डवर नसे. मोटाउनच्या वादकांना ठळक श्रेय मिळालं ते १९७१ मधल्या गायक मार्व्हिन गेच्या अल्बमवर. १९८३ मध्ये जेमर्सन गेला, आणि त्याच्या थोडंच आधी त्याचा तो बेसही चोरीला गेला होता.

बेसवाल्यांच्या बैठकीत चोरीला गेलेल्या बेसचा विषय निघतोच. पॉल मॅकार्टनीनं १९६१ मध्ये हॅम्बुर्गला घेतलेला व्हायोलिनच्या आकाराचा हॉफनर १९७२ मध्ये लंडनमध्ये एका व्हॅनमधून गेला आणि पन्नासेक वर्षांनी एका घराच्या माळ्यावर सापडून परत आला. अमेरिकेचा बेसवाला जॅको पास्टोरियस यानं आपल्या जॅझ बेसचे पडदे उपटून, खाचा भरून, वर बोटींना लावतात तसलं इपॉक्सी चढवलं होतं. तोही १९८० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये हरवला आणि वीसेक वर्षांनी मिळाला. जेमर्सनचा तेवढा बाकी आहे. हे ऐकून चर्चवाल्या मुलीनं आपला बेस भिंतीपासून उचलून मांडीवर घेतला.

श्रेयाच्या गोष्टीवर काका बोलते झाले. राहुलदेव बर्मन यांच्या वादकांत बेस वाजवणारे टोनी वाझ त्यांचं दैवत. हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात गोव्याच्या वादकांनी जे उभं केलं त्यातलं बेस हे सगळ्यात खालचं, म्हणून सगळ्यात कमी उल्लेखलेलं. आताच्या पोरांना नावं माहीत असतात. मुंबईची मोहिनी दे, चेन्नईचे कीथ पीटर्स. मोहिनीचे वडीलही बेसवाले, तेव्हा निदान त्या घरात तरी दोन बेसवाले एका छपराखाली होते. काकांची खरी तक्रार वेगळीच निघाली. बजेट कमी झालं की ऑर्केस्ट्रातून पहिला बेसवाला जातो. ‘‘कीबोर्डवाला म्हणतो, डाव्या हातानं मी मारतो ना बेस. पब्लिकला कुठे कळतंय! कळत नाही हे खरंय. पण त्या दिवशी लोक नाचायला लवकर उठत नाहीत.’’

अँपबद्दल फार बोलणं झालं नाही, कारण आता सगळ्यांचे अँप खेळण्यासारखे झालेत. एका आयटीवाल्यानं लॅपटॉपच्या बॅगेतून पाचशे वॅटचं हेड काढलं. वजन तीन किलोही नाही. १९६९ मधला अँपेगचा एसव्हीटी तीनशे वॅटचा, आत चौदा व्हॉल्व्ह, वजन पस्तीस किलोच्या वर, आणि त्याखाली दहा इंची आठ स्पीकरांचं कपाट, ज्याला जगभर फ्रिज म्हणतात. खालच्या स्वराला कान मंद असतो, म्हणून गिटारवाल्याइतकं ऐकू यायला बेसवाल्याला कितीतरी पट ताकद लागते. ही सगळी हमाली त्यापायी. गिटारवाल्यांनी आमचा एक अँप तर पळवलाच. फेंडरचा बेसमन खास बेससाठी बनवलेला, पण तो गिटारला जास्त शोभला, आणि लंडनमध्ये जिम मार्शलनं आपला पहिला अँप त्याच्याच नकाशावरून काढला. रॉक गिटारचा तो प्रसिद्ध आवाज मुळात बेसवाल्याच्या ताटातला आहे, हे गिटारवाल्यांना अधूनमधून ऐकवायला हरकत नाही.

अकराला आमची वेळ संपली. वायरी गुंडाळत होतो तोच पुढचा बँड दारात उभा. दोन गिटारवाले, ड्रमर, गाणारी मुलगी. एक गिटारवाला फोन कानाला लावून वैतागलेला. त्यांचा बेसवाला येणार नव्हता, घरी पाणी शिरलं होतं. त्यानं आत नजर टाकली, आठ काळ्या बॅगा बघितल्या आणि बिचकत विचारलं, ‘‘तुमच्यात कोणी बेस वाजवतं का?’’

आम्ही एकमेकांकडे बघून हसलो. काकांनी बॅगेची चेन पुन्हा उघडली होती.

‘‘पट्टी कुठली?’’